गूगल ॲड्ससाठी कीवर्ड कसे निवडायचे: ठाण्यातल्या एका वॉटरप्रूफिंगवाल्याच्या पैशांवर शिकलेलं

दोनेक वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाचा, आम्ही त्याला दादाच म्हणतो, फोन आला की अरे ते गूगलवर जाहिरात टाकायचं तू करतोस ना, मला पण करून दे, घोडबंदर रोडवरचे सगळे वॉटरप्रूफिंगवाले करतायत. मी तोपर्यंत लोकांची पेजेस सांभाळायचो, सर्चच्या जाहिराती कधी हातात घेतल्या नव्हत्या, पण घरच्या माणसाला नाही कसं म्हणणार. रात्री अकाउंट उघडलं, कीवर्डच्या चौकटीत वॉटरप्रूफिंग, लीकेज, कॉन्ट्रॅक्टर असे तीन शब्द टाकले, रोजचे पाचशे लावले आणि झोपलो. आठ दिवसांत चार हजार गेले, फोन आले तीन. एकाला हेल्परची नोकरी हवी होती, एकाला बाईकवर घालायचा रेनकोट हवा होता, आणि तिसरा चक्क केमिकल कंपनीचा सेल्समन निघाला, दादालाच माल विकायला आलेला.

दादा काही बोलला नाही, वहिनी मात्र अजून हळदीकुंकवाला सुद्धा तो रेनकोट काढते.

त्यानंतर जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. उदाहरण वॉटरप्रूफिंगचंच घेतो कारण त्यात पोळलोय, तुमचा क्लास असेल, डबा असेल, क्लिनिक असेल, पद्धत तीच. आणि खाली सगळे कीवर्ड मराठी अक्षरांत लिहिलेत, टाकताना तुम्ही बहुतेक इंग्रजी अक्षरांत टाकणार, त्याबद्दल पुढे बोलू.

आधी एक फरक डोक्यात पक्का करा, नाहीतर पुढचं सगळं फुकट. माणूस गूगलवर जे टाइप करतो ती सर्च टर्म, आणि तुम्ही अकाउंटमध्ये जे टाकता तो कीवर्ड. दोन्ही एक नाहीत. तुम्ही कीवर्ड टाकून गूगलला सांगता की साधारण असं काही कोणी शोधलं तर माझं नाव लिलावात घाल, आणि दर सर्चला हा लिलाव नव्याने होतो, तुमची बोली किती, जाहिरात आणि पेज त्या सर्चला कितपत धरून आहे हे बघून जागा मिळते, पैसे कटतात ते क्लिक झाल्यावर. मी टाकलेल्या लीकेज या एका शब्दावर गॅस लीकेज, एसीतून पाणी गळणं, बाईकचं ऑइल लीकेज, अगदी पेपर लीकच्या बातम्या शोधणारे सुद्धा आले होते. गूगलची चूक नव्हती, मी सांगितलंच तसं होतं.

अजून एक, जुने व्हिडिओ बघून शिकत असाल तर त्यात ॲडवर्ड्स असं नाव दिसेल. २००० साली सुरू झालं तेव्हापासून तेच नाव होतं, २०१८ मध्ये गूगल ॲड्स झालं. मेनू तेव्हापासून इतक्या वेळा हललेत की बटण सापडलं नाही तर घाबरू नका.

पायरी १: कॉम्प्युटर बंद, वही उघडा

दादाला विचारलं की लोक काय शोधत असतील, तो म्हणाला ब्रिकबॅट कोबा, पीयू कोटिंग, ग्राउटिंग, मेम्ब्रेन. सगळे धंद्यातले शब्द. मग वहिनीला विचारलं, कारण फोन ती उचलते, आणि तिने एन्क्वायरीची वही काढली. त्यात काय होतं बघा: वरच्यांच्या बाथरूममधून आमच्या हॉलमध्ये पाणी येतंय. सिलिंगला पिवळे डाग पडलेत. भिंतीला ओल आलीय, पेंट फुगलाय. खिडकीतून पाऊस आत येतो. सोसायटीच्या गच्चीचं करायचंय, कमिटीला तीन कोटेशन लागतात. अख्ख्या वहीत मेम्ब्रेन हा शब्द एकदाही नव्हता!

कीवर्ड तिथे असतात. फोन करणाऱ्याच्या तोंडात, आपल्या तोंडात नाही. तर पहिलं काम हे की फोन, व्हॉट्सॲप, दुकानात येऊन विचारणारे, सगळ्यांची तीस-चाळीस वाक्यं जशीच्या तशी लिहून काढा, त्यांच्याच शब्दांत, सुधारून नाही. धंदा नवीन असेल, गिऱ्हाईकच नसेल, तर तुमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप मागे सरकवत जा, कोणी ना कोणी विचारलेलं असतं की अमुक करणारा चांगला माणूस आहे का कोणाकडे, ते वाक्य म्हणजे सोनं आहे.

पायरी २: हे कोण बोलतंय ते ठरवा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या, लोक नेमकी हीच उडवतात.

वहीतली वाक्यं नीट वाचली तर त्यात दोन वेगळी माणसं दिसतात. एक फ्लॅटवाला, ज्याच्या डोक्यावर पाणी टपकतंय. दुसरा सोसायटीचा सेक्रेटरी, ज्याला गच्चीचं काम काढायचंय. हे नुसतं माझ्या मनाचं वर्गीकरण नाही, पैसे देणाराच वेगळा असतो. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून पावसाचं पाणी शेवटच्या मजल्यावर गळलं तर दुरुस्ती सोसायटीने करायची, आणि फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट-सिंकमुळे गळत असेल तर तो खर्च त्या फ्लॅटवाल्याचा. म्हणून फ्लॅटवाला त्रास टाइप करतो, बाथरूम लीकेज, सिलिंगमधून पाणी, सीपेज म्हणजे पाणी झिरपणं, त्याला आज माणूस हवा. सेक्रेटरी काम टाइप करतो, टेरेस वॉटरप्रूफिंग कॉन्ट्रॅक्टर ठाणे, त्याला कोटेशन, वॉरंटी, आधी केलेल्या सोसायट्यांची यादी हवी, आणि तो निर्णय जनरल बॉडीच्या मीटिंगनंतर घेणार. दोघांना एकाच टोपलीत टाकलंत तर जाहिरात दोघांनाही लागू पडत नाही.

आणि मग तिसरा माणूस येतो जो तुमचा वाटतो पण नसतो. तो शोधतो, वरच्या फ्लॅटच्या लीकेजचा खर्च कोणी द्यायचा. विषय अगदी आपलाच, पण त्याला कायदा हवाय, शेजाऱ्याशी भांडायला मुद्दा हवाय, कारागीर नकोय. चौथा शोधतो, टेरेस वॉटरप्रूफिंग केमिकल एक लिटर किंमत. तो रविवारी स्वतः ब्रश घेऊन गच्चीवर चढणार आहे. पाचवा मुलाखतीची तयारी करणारा सिव्हिलचा पोरगा, त्याला वॉटरप्रूफिंगचे प्रकार हवेत, पीडीएफ असेल तर उत्तम.

प्रत्येक वाक्यासमोर एकच प्रश्न लिहा: हे टाइप करणारा माणूस पुढच्या दहा मिनिटांत फोन लावेल का. हो, कदाचित, नाही. सुरुवातीला फक्त हो वाले घ्या. कदाचितमध्ये भाव विचारणारे येतात, म्हणजे वॉटरप्रूफिंग रेट पर स्क्वेअर फूट वगैरे. अनेक जण सांगतात की भाव विचारणारे घेऊ नका, ते फुकटे असतात. मला नाही पटत. आपल्याकडे भाव न विचारता कोण काय घेतं? जांभळी नाक्यावर भाजी घेताना सुद्धा आधी भावच विचारतो ना आपण. फक्त त्या क्लिकवर उघडणाऱ्या पेजवर साधारण दर लिहा, मग ज्याला झेपत नाही तो फोन करणारच नाही.

पायरी ३: गूगललाच बोलतं करा

ब्राउझरची इनकॉग्निटो विंडो उघडा, नाहीतर तुमच्याच जुन्या सर्चची सावली पडते, आणि सर्चमध्ये बाथरूम लीकेज असं टाकून एंटर न मारता थांबा. खाली जी सूचनांची यादी पडते ती लोकांच्या खऱ्या सर्चमधून येते. मग मागे एकेक अक्षर लावून बघा. पुढे शब्द लावून बघा. पानावर मधे लोक हेही विचारतात असा प्रश्नांचा डबा असतो आणि तळाला संबंधित सर्च असतात, तेही वहीत घ्या. तासाभरात पन्नास ओळी सहज होतात.

एवढं करताना स्पर्धकाच्या जाहिरातीवर क्लिक करू नका, त्या बिचाऱ्याचे पैसे जातात. आणि नंतर तुमची जाहिरात चालू झाली की ती दिसतेय का म्हणून रोज दहा वेळा स्वतः शोधू नका. शोधून क्लिक केलं नाही की गूगलला वाटतं ही जाहिरात लोकांना आवडत नाही. अकाउंटमध्येच ॲड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस नावाचं टूल आहे, त्यात ठाणे निवडून बघता येतं.

पायरी ४: कीवर्ड प्लॅनर, पण चिमूटभर मीठ टाकून

कीवर्ड सुचवणारं आणि ते महिन्याला किती शोधले जातात ते दाखवणारं हे गूगलचं टूल. फुकट आहे, पण त्यासाठी गूगल ॲड्सचं अकाउंट लागतं. अकाउंट उघडताना ते तुम्हाला लगेच जाहिरात बनवायला लावतं आणि सोपा वाटणारा स्मार्ट मोड पुढे करतं. त्यात अडकू नका, एक्स्पर्ट मोडवर जा, नाव ऐकून बिचकू नका, एक्स्पर्ट कोणीच नसतं. मग टूल्समध्ये कीवर्ड प्लॅनर.

आत गेल्यावर पहिलं काम जागा बदलणं. ती अख्खा भारत असते, ती ठाणे करा. नाहीतर लुधियानाच्या आकड्यांवर ठाण्यातल्या मानपाड्याचा हिशोब मांडाल. मग वहीतल्या ओळी टाका, तो अजून शेकडो सुचवेल, त्यातल्या निम्म्या भलत्याच असतील.

जे नवीन आहेत, ज्यांनी अजून खर्च केला नाही, त्यांना महिन्याचे सर्च असे ढोबळ टप्प्यात दिसतात, १० ते १००, १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार. तिथे लोक कमी आकडा बघून कीवर्ड टाकून देतात. अहो, दादाची टीम महिन्याला कितीशी कामं करू शकते? महिन्याला साठच लोक शोधत असतील पण साठही खरे असतील तर दादाला दम लागेल. मोठा आकडा म्हणजे मोठी गर्दी, आणि गर्दीत रेनकोटवाले जास्त.

कॉम्पिटिशनचा रकाना लो, मीडियम, हाय दाखवतो, ते फक्त किती जाहिरातदार त्या शब्दावर बोली लावतायत ते आहे, खालच्या फुकट रिझल्टमध्ये वर येणं सोपं की अवघड याच्याशी त्याचा संबंध नाही. कामाचे रकाने दोन, टॉप ऑफ पेज बिड, लो आणि हाय. वरच्या जागेसाठी लोकांनी साधारण काय मोजलंय ते. हे आकडे लिहून ठेवा, बोलीच्या गणितात लागतील.

पायरी ५: कुठल्या भाषेत, कुठल्या लिपीत

ठाण्यात माणूस मराठीत विचार करतो, हिंदीत कारागिराशी बोलतो आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करतो, तेही एकाच वाक्यात. छत से पानी टपकना, सिलिंग लीकेज रिपेअर, भिंतीला ओल उपाय, तिन्ही एकाच बिल्डिंगमधून येतात. त्यामुळे गाभ्याचे कीवर्ड इंग्रजीत, त्याच्या जोडीला हिंदी-मराठी इंग्रजी अक्षरांत, आणि थोडे देवनागरीत. देवनागरीवाल्यांवर लो सर्च व्हॉल्यूम असा शिक्का बसू शकतो, म्हणजे शोधणारे फारच कमी म्हणून तो कीवर्ड झोपवून ठेवलाय, शोध वाढले की आपोआप जागा होतो. राहू द्या, खर्च शून्य. आणि व्हॉइस सर्च करणारी आजी-आजोबा मंडळी तिथेच सापडतात.

पण एक बघा, भिंतीला ओल उपाय यातला उपाय हा शब्द घरगुती इलाज शोधणाऱ्याचा आहे. भाषांतर करताना माणूस बदलत नाही ना ते तपासा.

कॅम्पेनमध्ये, म्हणजे जाहिरातीच्या मुख्य सेटअपमध्ये, भाषेचं सेटिंग दिसलं तर इंग्रजी, हिंदी, मराठी तिन्ही ठेवा. फक्त मराठी ठेवून मराठी माणूस मिळेल असं नसतं, बऱ्याच मराठी लोकांचा फोन इंग्रजीत असतो.

पायरी ६: ठाणे म्हणजे नेमकं कुठलं

जागा दोन ठिकाणी येते, कीवर्डमध्ये आणि सेटिंगमध्ये. सेटिंगमध्ये आधी एक छुपी मेख काढून टाका. लोकेशन ऑप्शन्समध्ये गूगल आपणहून प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट धरतं, म्हणजे जो ठाण्यात आहे तो आणि ज्याला ठाण्यात रस आहे तो. नाशिकला बसून ठाण्यात फ्लॅट बघणारा सुद्धा त्यात येतो. आपल्या धंद्याला फक्त प्रेझेन्स हवं. त्याच स्क्रीनच्या आसपास सर्च पार्टनर्स आणि डिस्प्ले नेटवर्कचे टिक असतात, म्हणजे गूगल सर्चच्या बाहेर इतर साइट्सवर पण जाहिरात दाखवायची परवानगी, सुरुवातीला दोन्ही काढा.

आता वर्तुळ. दुकानाभोवती दहा किलोमीटर असं वर्तुळ मारता येतं आणि नकाशावर छान दिसतं, पण वर्तुळाला येऊरचा डोंगर कळत नाही, खाडी कळत नाही. मानपाड्यावरून काढलेलं वर्तुळ डोंगर ओलांडून बोरिवलीकडे जातं, आणि दादाचा टेम्पो काही जंगलातून जात नाही, त्याला घोडबंदरला पूर्ण वळसा घालावा लागतो, त्यात गायमुखच्या घाटात ट्रक बंद पडला असेल तर संपलंच. तेव्हा वर्तुळापेक्षा जिथे खरंच जाता तेवढे भाग नाव घेऊन निवडा आणि जिथे जात नाही ते वगळा. ठाणे जिल्हा निवडू नका, त्यात कल्याण-डोंबिवलीपासून शहापूर-मुरबाडपर्यंत सगळं येतं.

मग कीवर्डमध्ये भागाचं नाव घालायचं का? थोडं. टेरेस वॉटरप्रूफिंग घोडबंदर रोड, बाथरूम लीकेज कासारवडवली, अशा ओळींवर सर्च कमी पण माणूस पक्का. घोडबंदरचं इंग्रजी स्पेलिंग कोणी यू घालून करतो, कोणी ए, आणि राहणारे तर जीबी रोडच म्हणतात. साध्या स्पेलिंगच्या चुका गूगल सांभाळून घेतं, पण जीबी रोडसारखं लोकांनी पाडलेलं नाव वेगळं टाकलेलं बरं. मात्र दिल्लीतही एक जीबी रोड आहे, आणि तो कशासाठी प्रसिद्ध आहे हे तुम्हाला माहीत असेल, त्यामुळे हे नाव कधीही सुटं टाकू नका, ठाणे जोडूनच.

नवी मुंबईवाल्यांना वेगळीच कटकट. सेक्टर १० वाशीतही आहे, नेरुळातही आहे, खारघरमध्येही आहे. नुसता सेक्टर नंबर म्हणजे काहीच नाही, नोडचं, म्हणजे वाशी, नेरुळ असं, नाव हवंच. कोपरखैरणेची स्पेलिंगं तर मोजायच्या पलीकडे.

पायरी ७: मॅच टाइप

म्हणजे कीवर्ड लोकांच्या सर्चशी किती घट्ट जुळवायचा ते. तीनच आहेत. कीवर्ड नुसता लिहिला की ब्रॉड. अवतरण चिन्हात "बाथरूम लीकेज रिपेअर" असा लिहिला की फ्रेज. चौकोनी कंसात [बाथरूम लीकेज रिपेअर] असा लिहिला की एक्झॅक्ट. अधिकचं चिन्ह लावून केलेला चौथा प्रकार जुन्या व्हिडिओत दिसेल, तो २०२१ मध्ये बंद झाला.

ब्रॉड म्हणजे गूगलने तुमच्या शब्दाचा जो काही अर्थ लावला त्याच्या आसपासचं सगळं. फ्रेज म्हणजे तुमच्या कीवर्डचा अर्थ सर्चमध्ये असायला हवा, पुढे-मागे शब्द चालतात. एक्झॅक्ट म्हणजे तोच अर्थ. शब्द तेच नव्हे, अर्थ तोच, हे लक्षात ठेवा. कंसात बाथरूम लिहून सुद्धा वॉशरूमवर जाहिरात दिसू शकते, आणि ते ठीकच आहे.

माझं मत असं की पहिले दोन महिने फ्रेज आणि एक्झॅक्टच. ब्रॉड वाईट नाही, पण त्याला चांगला फोन कुठला आणि रेनकोट कुठला हे कळायला आकडे लागतात, म्हणजे कन्व्हर्जन ट्रॅकिंग, जाहिरातीवरून फोन आला की अकाउंटमध्ये नोंद होते ती सोय, बसवलेलं हवं आणि पुरेसे कॉल नोंदलेले हवेत. नवीन अकाउंटमध्ये ते नसतं. तरी रेकमेंडेशन्समध्ये रोज सूचना येईल की ब्रॉड करा, स्कोअर वाढेल. तो स्कोअर म्हणजे गूगलच्या सूचना तुम्ही किती ऐकल्या त्याचे मार्क, तुमच्या नफ्याचे नव्हे. तिथेच ऑटो अप्लाय नावाचं, सूचना आपोआप लागू करणारं, काहीतरी असतं, ते आत जाऊन बंद आहे ना बघा, नाहीतर तुम्ही झोपेत असताना नवे कीवर्ड येऊन बसतात. एआय मॅक्स नावाचं बटण दिसलं, जे तुमच्या कीवर्डपलीकडचे सर्च गूगललाच जुळवू देतं, तर सध्या त्यालाही हात लावू नका.

पायरी ८: निगेटिव्ह, म्हणजे कोणाला दारातून परत पाठवायचं

हे जाहिरात चालू व्हायच्या आधी करा. मी नंतर केलं, चार हजारांनी.

निगेटिव्ह कीवर्ड म्हणजे हा शब्द सर्चमध्ये असेल तर मला दाखवू नकोस. आमची पहिली यादी अशी झाली: जॉब, व्हेकन्सी, सॅलरी, कोर्स, पीडीएफ, पीपीटी, इंटरव्ह्यू, रेनकोट, जॅकेट, शूज, बॅग, मोबाइल कव्हर, प्लायवूड, मेकअप, मस्कारा, गॅस, एसी, ऑइल, पेपर लीक, डीलर, डिस्ट्रिब्युटर. मस्कारा मी गंमत म्हणून नाही घातला, खरंच आला होता.

इथे गूगल साध्या कीवर्डसारखं समजूतदारपणे वागत नाही. निगेटिव्हमध्ये अर्थ बघितला जात नाही, एकवचन-अनेकवचन सुद्धा नाही. जॉब टाकलं तर जॉब्स अडत नाही, दोन्ही टाकावे लागतात. इंग्रजी अक्षरांत टाकलेलं देवनागरीला लागू होत नाही. नोकरी, काम पाहिजे हे पण वेगळं टाका. दोन शब्दांचा साधा निगेटिव्ह टाकला तर दोन्ही शब्द असतील तेव्हाच अडवतो, क्रम कुठलाही.

आणि जास्त हुशारी पण अंगाशी येते. मी जोशात फ्री टाकला, म्हटलं फुकटे नकोत, तर लीक फ्री टेरेस शोधणारे पण अडले. पेंट टाकला, कारण वॉटरप्रूफ पेंटची किंमत शोधणारे फार येत होते, तर भिंतीचा पेंट निघतोय, ओल आलीय असं शोधणारा फ्लॅटवाला, म्हणजे आपला अगदी हक्काचा माणूस, तो गेला. त्यामुळे एकटा शब्द निगेटिव्ह करताना वहीतल्या चाळीस वाक्यांवरून एकदा नजर फिरवा, त्यातलं एखादं कापलं जात असेल तर पूर्ण वाक्यांश टाका, वॉटरप्रूफ पेंट प्राइस असा.

पायरी ९: गट पाडा

पायरी दोनमध्ये माणसं वेगळी केलीत तर इथे काही कष्टच नाहीत. एक ॲड ग्रुप फ्लॅटच्या आतल्या लीकेजचा, एक गच्चीचा, वाटलं तर एक बाहेरच्या भिंतीचा. प्रत्येकात आठ-दहा कीवर्ड पुरे, शंभर नको. जाहिरातीत तीस अक्षरांची पंधरापर्यंत हेडलाइन आणि नव्वद अक्षरांची चार वर्णनं देता येतात, त्यात वहीतलेच शब्द वापरा. फ्लॅटवाल्याला, सिलिंगमधून पाणी टपकतंय? आज येऊन बघतो. सेक्रेटरीला, सोसायटी टेरेससाठी लेखी कोटेशन. क्लिक केल्यावर गच्चीवाल्याला गच्चीचंच पेज दिसलं पाहिजे.

क्वालिटी स्कोअर म्हणून एकेका कीवर्डला १ ते १० गुण दिसतात, ते तीन गोष्टींवरून ठरतात, लोक क्लिक करतील याचा अंदाज, जाहिरात सर्चला धरून आहे का, आणि पेज कसं आहे. दोन-तीनच्या खाली असेल तर बहुतेक कीवर्ड चुकीच्या गटात बसलाय.

बोलीचं गणित

हे आकडे निव्वळ उदाहरण आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा बाथरूमच्या एका कामात सगळा खर्च जाऊन ६,००० उरतात. समजा १०० क्लिकमागे १० फोन आणि १० फोनांत २ कामं. म्हणजे १०० क्लिकमागे १२,०००, एका क्लिकमागे १२०. एका क्लिकला १२० दिलेत तर फुकट राबलात. निम्मे घरी न्यायचे असतील तर ६० च्या वर जायचं नाही. आता प्लॅनरमधला लो आणि हायचा आकडा बघा. लो ३० असेल तर खेळा, लोच १५० असेल तर तो कीवर्ड कितीही देखणा असो, सोडा, त्याचीच लांब शेपटीची भावंडं शोधा, बाथरूम टाइल्स न तोडता लीकेज रिपेअर वगैरे.

त्यात १८ टक्के जीएसटी विसरू नका. आधी पैसे भरायचं खातं असेल तर ५,००० भरल्यावर जाहिरातीला साधारण ४,२३७ च मिळतात, दादाला वाटलं मीच मधले खाल्ले. आणि रोजचं बजेट ५०० ठेवलं तरी एखाद्या दिवशी गूगल दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, महिन्याची मर्यादा मात्र रोजच्या ३०.४ पटच राहते, त्यामुळे एका दिवसाचा आकडा बघून किंचाळू नका.

स्पर्धकाचं नाव कीवर्ड म्हणून टाकायचं का, हा प्रश्न हमखास येतो. गूगल टाकू देतं. पण दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्सच्या प्रकरणात म्हटलंय की ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरणं हाही कायद्याच्या दृष्टीने वापरच आहे, तेवढ्याने आपोआप उल्लंघन होत नाही, पण गिऱ्हाइकाची फसगत होत असेल तर होऊ शकतं. मी करत नाही. कोर्टापेक्षा साधं कारण, त्याचं नाव टाकून शोधणाऱ्याला तोच हवा असतो, आपला क्लिक वाया जातो.

चालू केल्यावर

पहिले पंधरा दिवस दर दोन-तीन दिवसांनी सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडा, कीवर्डचा नव्हे, सर्च टर्म्सचा. लोकांनी खरंच काय टाइप केलं ते तिथे दिसतं. सगळं नाही दिसत, फार थोड्यांनी शोधलेल्या टर्म्स २०२० पासून गूगल बऱ्याचशा लपवतं, पण दिसतं तेवढं पुरतं. भलती दिसली की निगेटिव्हमध्ये, चांगली दिसली आणि पुन्हा पुन्हा येतेय तर चौकोनी कंसात घालून स्वतंत्र कीवर्ड. पण हे जाहिरातीचं अर्धं झालं, उरलेलं अर्धं वहिनीकडे. ती आता प्रत्येक फोनला विचारते, गूगलवर काय टाकून शोधलंत हो? अर्धे लोक सांगतात, आणि जे सांगतात ते वहीत जातं. मागच्या जूनमध्ये एका काकूंनी सांगितलं, मी टाकलं की पंख्यातून पाणी येतंय. सिलिंगच्या पंख्याच्या रॉडवरून थेंब पडत होते त्यांच्याकडे. हा कीवर्ड प्लॅनरने मला जन्मात सुचवला नसता, टाकला, आणि त्यावर क्लिक थोडे पडतात पण पडला की बहुतेक फोन येतो, कारण पंख्यातून पाणी बघितल्यावर कोण दम धरेल.

एकेक बदल करा आणि तारीख लिहा. एका दिवशी दहा गोष्टी बदलल्यात तर कशाने काय झालं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

आणि आपल्या हवामानाप्रमाणे गटांची पाळी लावा. गच्चीचा गट मार्चपासून मेअखेरपर्यंत जोरात, कारण कमिट्या पावसाआधी काम उरकायला बघतात आणि ओल्या गच्चीवर कोटिंग धरत नाही. पहिला मोठा पाऊस पडला की तो गट कमी करा, पैसे आतल्या लीकेजकडे वळवा, जुलैत सगळं ठाणे छताकडे बघत असतं. तेव्हा बोल्या वाढतात, म्हणून एक्झॅक्टवरच राहा, आणि फोन उचलायला माणूस नसेल त्या वेळात जाहिरात बंद ठेवा, आमच्याकडे रात्री नऊ ते सकाळी आठ. गणपतीनंतर थोडं थंड होतं. बाथरूमचा गट मात्र बाराही महिने चालूच ठेवतो, वरच्या मजल्यावरचं बाथरूम काही पावसाची वाट बघत नाही.